टाकीचं झाकण

माळेगावच्या यात्रेत एका नव्या जोडप्याचा फोटो माझ्या प्रिंटरमधून नुसता पिवळा निघाला. हा प्रिंटर कागदावर आधी पिवळा रंग चढवतो, मग गुलाबी, मग निळा. पिवळा चढला आणि जनरेटर बंद पडला. नवरदेवानं फोटो उजेडात धरला. म्हणाला, "खंडोबानंच भंडारा लावला की!" नवरी हसली. पैसे मात्र परत घेतले त्यांनी.

माझा स्टुडिओ म्हणजे एक जुना टेम्पो. मागं पडदा, कॅमेरा, प्रिंटर. तिथंच गादी आणि शेगडी. यात्रा करत फिरायचं. अहमदपूर सोडून नांदेडच्या वाटेला लागलं की माळेगाव. येळवस अमावास्येच्या सुमारास तिथं घोडे, गाढवं, उंट उतरतात आणि धूळ अशी उडते की दुपारीही लाइट लावावा लागतो.

त्या वर्षी जनरेटर पंधरा-वीस मिनिटं चालायचा, हुंदके द्यायचा, बंद. थोडं थांबून दोरी ओढली की पुन्हा सुरू. एका मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. फरक शून्य. मग "कार्बोरेटरच गेलाय" म्हणाला. मी नांदेड गाठून नवा आणला. त्यात धंद्याचा एक दिवस गेला, आणि पुन्हा तीच पंधरा मिनिटं.

शेजारच्या पाळणेवाल्या मामांनी एवढंच विचारलं, "दर बारीला तेवढ्याच वेळानं बंद पडतंय का?" हो म्हटल्यावर ते टाकीपाशी गेले. धूळ जाऊ नये म्हणून मी झाकणावर प्लास्टिकची पिशवी चढवून ट्यूबच्या रबरानं करकचून बांधली होती. मामांनी ती सोडली, झाकण फिरवलं. फस्स! "तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतो आपण? वरून हवा गेली नाही तर खाली पेट्रोल कसं उतरंल?"

झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, आणि ते पिशवीनं मीच बुजवलं होतं. नुसत्या धुळीनंही ते बुजतं. असा संशय आला तर आधी झाकण जरा ढिलं करून बघा. त्यावर मशीन न थांबता चाललं तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या, झाकण काढून छिद्र मोकळं करा आणि नीट बसवा. ढिल्या झाकणानं चालवत राहू नका, पेट्रोल गरम सायलेन्सरवर सांडतं.

तेव्हापासून मी आधी घड्याळ बघतो, पान्हा नंतर. जनरेटर चोक ओढलेला असताना चालतो आणि चोक आत ढकलला की मरतो, तर बहुधा कार्बोरेटरचा जेट चोंदलेला. महिनोन् महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा तो चिकटा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओलावाही धरतं. म्हणून पावसाळ्यात मशीन ठेवून देताना मी टाकी रिकामी करतो आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो.

लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत वेगळाच खेळ झाला. जनरेटर सुरू व्हायचा आणि लगेच गप्प. ऑइल तर पुरेसं होतं. पण टेम्पोचं एक चाक खड्ड्यात, त्यामुळे मशीन तिरकं. ऑइल एका बाजूला गेलं की सेन्सर ते कमी समजून इंजिन बंद करतो. मशीन खाली उतरवून सपाट जागी ठेवलं, चाललं. काहीजण अशा वेळी सेन्सरची वायर तोडून टाकतात. मग खरंच ऑइल संपतं त्या दिवशी इंजिन जाम होतं आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या घरात जातो.

एक मूर्खपणा सांगायला लाज वाटते. थंडीच्या एका रात्री मोबाईल चार्ज करायला म्हणून जनरेटर टेम्पोच्या दारातच चालू ठेवला आणि ताडपत्री सोडून झोपलो. बायकोचं डोकं ठणकायला लागलं म्हणून ती उठली आणि मला ओढत बाहेर काढलं. धुराचा वास आला नव्हता. त्यातल्या विषारी वायूला वास नसतोच. आता मशीन टेम्पोपासून लांब, सायलेन्सरचं तोंड माणसांकडे नाही आणि झोपताना बंद.

मामांनी पैसे घेतले नाहीत, पाळण्यापुढं उभं राहून एक फोटो तेवढा काढून घेतला. जुना कार्बोरेटर अजून टेम्पोत पडून आहे. त्याला काहीच झालेलं नव्हतं.