ई-मेलचे जोडपत्र आणि अँटिव्हायरसचा पहारा

रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, ठाकुरवाडी या नावाच्या अनेक वस्त्या आहेत. पावसाळ्यात जेथे ओहोळ दुथडी भरून वाहतात, तेथेच वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. समजा, अशा एका वाडीची विहीर आटली. ग्रामपंचायतीने टँकरच्या मागणीचा ठराव केला आणि विहिरीच्या छायाचित्रांसह तो पंचायत समितीकडे ई-मेलने धाडला. पत्र पोहोचले, परंतु त्यास जोडलेली फाईल, म्हणजेच जोडपत्र, उघडेना. कार्यालय म्हणते, “ठराव मिळाला नाही”. ग्रामपंचायत म्हणते, “आम्ही पाठविला”. या दोन वाक्यांच्या मध्ये वाडीचे पाणी अडकून पडते.

अशा वेळी दोष बहुधा अँटिव्हायरसच्या माथी मारला जातो आणि कोणीतरी तो सरसकट बंद करून मोकळा होतो. हा उपाय रोगापेक्षा घातक होय.

पहारा कशासाठी?

मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या एका जोडपत्राने काही दिवसांतच जगभरातील लक्षावधी संगणकांना ग्रासले. फाईलच्या नावात ‘टीएक्सटी’ ही अक्षरे असल्याने ती साधा मजकूर वाटे. प्रत्यक्षात शेवटची अक्षरे ‘व्हीबीएस’, म्हणजे आज्ञावलीची होती. असे धोके ओळखणारी साधने आपल्याकडेही घडली आहेत. पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस उभा केला. तात्पर्य, पहारेकरी आवश्यकच आहे. तो कोठे आणि का अडवितो, एवढेच समजून घ्यावयाचे आहे.

दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे?

पहिली पायरी : तीच टपालपेटी दुसऱ्या मार्गाने उघडावी. संगणकातील आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जोडपत्र उघडत नसेल, तर ब्राउझरमधून अथवा मोबाईलवर पाहावे. तेथे ते उघडले, तर पाठविणारा निर्दोष असून अडचण आपल्या संगणकात आहे. तेथेही नसेल, तर पाठविणाऱ्याकडे किंवा वाटेतील सर्व्हरवर शोध घ्यावा.

दुसरी पायरी : आकार तपासावा. ई-मेलमधून जाताना जोडपत्राचे अक्षरांत रूपांतर होते व प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात. त्यामुळे २० एमबीची फाईल वाटेत सुमारे २७ एमबीची होते आणि मर्यादा ओलांडल्यास परत येते. प्रथम एक लहान फाईल पाठवून पाहावी. लहान पोहोचली व मोठी अडली, तर छायाचित्रांचा आकार कमी करावा किंवा ती दोन-तीन पत्रांत विभागावी.

तिसरी पायरी : फाईल उघडते, पण मराठीऐवजी अगम्य चिन्हे दिसतात काय? मग तो अँटिव्हायरसचा दोष नव्हे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर असाच दिसतो. ठराव युनिकोडमध्ये टंकून पीडीएफ स्वरूपात पाठवावा.

चौथी पायरी : अँटिव्हायरसची नोंदवही पाहावी. संशयित फाईल तो ‘क्वारंटाईन’ या वेगळ्या कोठडीत ठेवतो व तिचे नाव आणि वेळ नोंदवितो. आपली फाईल तेथे आढळल्यास पाठविणाऱ्यास दूरध्वनीवरून विचारावे. खात्री होईपर्यंत ती सोडवू नये. शक्यतो नव्याने पीडीएफ करून मागवावी.

पाचवी पायरी : टपाल-तपासणीची परीक्षा घ्यावी. काही अँटिव्हायरस टपालाचा प्रोग्राम व सर्व्हर यांच्या मध्ये उभे राहून प्रत्येक पत्र तपासतात. जोडणी मंद व जोडपत्र मोठे असेल, तर प्रोग्रामची वाट पाहण्याची मुदत संपते आणि पत्र अर्धवट राहते. अशा वेळी केवळ ‘ई-मेल तपासणी’ हा भाग क्षणभर बंद करून, ओळखीच्या व्यक्तीने पाठविलेले तेच पत्र पुन्हा उतरवून घ्यावे आणि तपासणी लगेच सुरू करावी. या काळात संगणकाचे अखंड संरक्षण चालूच ठेवावे. फाईल उघडताना ते तिची तपासणी करतेच. कार्यालयीन संगणकावर हा प्रयोग तांत्रिक कर्मचाऱ्यास विचारूनच करावा. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस असल्यास ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात. त्यांपैकी एकच ठेवावा.

एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी. अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण कधीच कळत नाही.

पाणी थांबू नये

शोध चालू असताना काम थांबता कामा नये. महत्त्वाचे जोडपत्र धाडल्यावर “पोहोचले काय? उघडले काय?” असे दोन प्रश्न दूरध्वनीवरून विचारावेत. उत्तर नकारार्थी असेल, तर त्याच दिवशी ठरावाची कागदी प्रत देऊन पोच घ्यावी. शाळेतील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी या पाच पायऱ्या एका कागदावर लिहून संगणकाजवळ लावल्यास पुष्कळ वेळ वाचेल. यंत्राचा दोष यंत्रात शोधावा. त्याची शिक्षा वाडीतील रिकाम्या हंड्याला होऊ नये.