हरणाऱ्याची तलवार

चित्रपटातील तलवारयुद्ध पाहताना आपली दृष्टी बहुधा नायकावरच खिळलेली असते. तो जिंकला की आपण टाळ्या पिटतो आणि समाधानाने घरी परततो. परंतु जे युद्ध पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते, त्याचे निम्मे श्रेय हरणाऱ्याचे असते, असे आम्हांस वाटते. आमच्या आवडीच्या तीन प्रसंगांवर हे मत पारखून पाहू.

पहिला प्रसंग १९३८ सालच्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या रंगीत चित्रपटातील. एरॉल फ्लिन हा रॉबिन हूड, तर बॅसिल रॅथबोन हा दुष्ट सरदार गिस्बोर्न. नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात दगडी जिन्यावरून दोघे लढत असतात. मध्येच ते दृष्टीआड होतात आणि एका भल्याथोरल्या खांबावर त्यांच्या प्रचंड सावल्या तेवढ्या झुंजताना दिसतात. सरशी कोणाची होत आहे, हे क्षणभर कळत नाही. आपला श्वास मात्र रोखला जातो.

गंमत अशी, की पडद्यावर हरणारा रॅथबोन प्रत्यक्षात फ्लिनहून सरस तलवारबाज समजला जाई. १९३५ सालच्या 'कॅप्टन ब्लड'मध्येही तो फ्लिनच्याच हातून मारला गेला होता. या युद्धांची आखणी बेल्जियमचे फ्रेड कॅव्हन्स यांनी केली होती. अशा युद्धात प्रत्येक पाऊल, प्रत्येक वार आणि प्रत्येक बचाव नृत्याप्रमाणे आधी बसविलेला असतो. वार कोठे येणार, हे दोघांनाही ठाऊक असते. एकाचा ताल चुकला तर दुसऱ्यास इजा व्हायची. म्हणजे कथेत जे एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात, तेच प्रत्यक्षात एकमेकांचा जीव सांभाळीत असतात!

दुसरा प्रसंग १९४० सालच्या 'द मार्क ऑफ झोरो'मधील. येथेही खलनायक रॅथबोनच. नायक टायरोन पॉवर. एका बंद खोलीत हे युद्ध होते. प्रारंभी रॅथबोन तलवारीच्या एका फटक्याने मेणबत्तीचे टोक उडवितो. मग पॉवरही वार करतो, पण मेणबत्ती जशीच्या तशी उभी! रॅथबोन हसू लागतो. तेव्हा पॉवर शांतपणे मेणबत्तीचा वरचा भाग अलगद उचलून दाखवितो. ज्योत तेवतच असते. खलनायकाने आधी आपला हात दाखविला नसता, तर नायकाच्या हाताचे मोल आपणांस कसे कळले असते?

तिसरा प्रसंग १९८७ सालच्या 'द प्रिन्सेस ब्राइड'मधील. एका उंच कड्यावर इनिगो माँटोया हा तलवारबाज काळ्या वेषातील अनोळखी माणसाशी लढावयास उभा आहे. तो माणूस कडा चढून दमला आहे म्हणून इनिगो त्यास आधी विश्रांती घेऊ देतो. दोघेही डाव्या हाताने लढू लागतात. इनिगो तलवार उजव्या हाती घेतो. थोड्याच वेळात तो अनोळखीही तेच करतो. अखेर इनिगो हरतो, परंतु जेता त्यास मारीत नाही, केवळ बेशुद्ध करून पुढे जातो. मँडी पॅटिन्किन आणि कॅरी एल्विस या नटांनी बॉब अँडरसन व पीटर डायमंड यांच्या हाताखाली कित्येक महिने दोन्ही हातांनी सराव केला होता. कोलांट्या वगळता जवळजवळ सारे युद्ध त्यांनी स्वतःच केले.

या तिन्ही प्रसंगांत हरणारा दुबळा असता, तर जिंकणाऱ्याचे कौतुक कोणास वाटले असते? आपल्या शाळेच्या क्रीडांगणावरही हेच घडते. कच्च्या संघाविरुद्धचा विजय आठवड्यात विसरला जातो. तुल्यबळ संघाशी झालेली चुरशीची लढत मात्र वर्षानुवर्षे आठवते, मग तीत आपण हरलेलो का असेना.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी असे युद्ध पाहाल, तेव्हा एकदा नायकावरची दृष्टी काढून त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे पवित्रे न्याहाळा. आणि सामना संपल्यावर समोरच्या खेळाडूशी हस्तांदोलन कराल, तेव्हा ते मनापासून करा.