लहान घराची प्रतिकृती आणि प्लॅस्टिकची अचूक कापणी

प्रतिकृती ही केवळ प्रदर्शनात मांडायची शोभेची वस्तू नव्हे. नकाशा सर्वांनाच वाचता येतो असे नाही. प्रतिकृती मात्र कोणालाही समजते. त्यामुळेच ती चुकीच्या मापाची असली तर पाहणाऱ्याची फसगत होते, आणि घर जितके लहान तितकी ही फसगत मोठी. पातळ प्लॅस्टिकच्या कापणीचा विचार या दृष्टीने केला पाहिजे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. पनवेलजवळ कोन येथे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने उभारलेल्या इमारतींतील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी काढली. १६० चौरस फुटांची दोन घरे मिळून ३२० चौरस फुटांचे एक घर, अशी ती योजना. एवढ्या क्षेत्रफळाच्या घराची प्रतिकृती करायची झाल्यास कोणती काळजी घ्यावी लागेल, ते पाहू.

प्रमाण आणि चूक

१:५० हे प्रमाण घेतले तर ३२० चौरस फुटांचे घर साधारण पोस्टकार्डाएवढे होते. ७५ सेंटिमीटरचा दरवाजा १५ मिलिमीटरचा होतो. कापताना पाते एक मिलिमीटर सरकले की प्रत्यक्षातले पाच सेंटिमीटर गेले. बंगल्यात ते खपून जाईल. पण जिथे कपाट ठेवले तर खाट बसेल की नाही हा प्रश्न असतो, तिथे पाच सेंटिमीटरनेच उत्तर बदलते.

साहित्याची निवड

सर्व प्लॅस्टिक एका रीतीने कापले जात नाही. पॉलिस्टायरीन व ॲक्रिलिक यांवर चर पाडला की वाकवताना ताण त्या चरातच एकवटतो आणि शीट रेषेवर मोडते. पूर्ण कापण्याची गरज पडत नाही. फोमचे सनबोर्ड मात्र असे स्वच्छ मोडत नाही. ते आरपारच कापावे लागते. तिथे पाते उभे धरणे महत्त्वाचे. तीन मिलिमीटर जाडीत पाते दहा अंश कलले, तर वरच्या व खालच्या मापांत सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो.

आखणी

साध्या पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असू शकते. म्हणजे प्रत्यक्षात अडीच सेंटिमीटर. म्हणून सुईच्या टोकाने खूण करावी. सर्व मापे एकाच कडेपासून मोजावीत. एका खिडकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे मोजत गेल्यास प्रत्येक वेळची ०.२ मिलिमीटरची चूक दहाव्या खिडकीपाशी दोन मिलिमीटर होऊ शकते. आयत आखून झाला की त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तरच कोपरे काटकोनात आहेत असे समजावे.

शीट उन्हात ठेवू नये. ३०० मिलिमीटर लांबीचे पॉलिस्टायरीन दहा अंश सेल्सियसने तापले तर सुमारे ०.२ मिलिमीटरने वाढते. सकाळी आखून दुपारी उन्हात कापणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

कापणी

पट्टी स्टीलची असावी आणि तिच्या मागे मास्किंग टेप लावावा, म्हणजे ती घसरत नाही. जो भाग ठेवायचा त्यावर पट्टी ठेवावी. पाते भरकटलेच तर टाकाऊ भागात जाते. पट्टी धरणाऱ्या हाताची बोटे कडेपासून दूर असावीत. पहिला हात अगदी हलका फिरवावा, कारण पुढचे सर्व हात त्याच चरातून जातात. एकदाच जोर लावून कापू पाहणाऱ्याचे पाते हमखास वाट सोडते. पॉलिस्टायरीनच्या एक मिलिमीटर शीटला तीन-चार हलके हात पुरतात. मग चर उघडेल अशा दिशेने वाकवून शीट मोडावी. ॲक्रिलिकसाठी आकड्यासारखे पाते वापरतात. ते चरातून प्लॅस्टिकचा बारीक धागा खरवडून काढते.

पाते शिरते तिथे दोन्ही बाजूंना बारीक उंचवटा उठतो. तो पात्याने खरवडून किंवा ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून काढावा, नाहीतर जोड नीट बसत नाही. खिडकीसाठी चारही बाजूंना चर पाडावेत, मग मधला भाग कर्णावर आरपार कापून चार त्रिकोण एकेक करून मोडून काढावेत. कोपऱ्याच्या पुढे चर जाऊ देऊ नये.

आता लेसर यंत्रानेही कापणी होते. ॲक्रिलिकला ती उत्तम; पण झोताच्या रुंदीएवढे साहित्य जळून जाते, ते मापात धरावे लागते. पीव्हीसी मात्र लेसरखाली कधीही घालू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.

जोडणी

सर्वांत मोठी चूक हातामुळे नव्हे, हिशेबामुळे होते. समजा, खोलीची आतली रुंदी तीन मीटर, म्हणजे प्रतिकृतीत ६० मिलिमीटर आहे. शीट दोन मिलिमीटर जाडीची आहे. समोरची भिंत ६० मिलिमीटर कापून तिच्या मागे बाजूच्या भिंती चिकटवल्या, तर आत ५६ मिलिमीटरच उरतात. प्रत्यक्षातले वीस सेंटिमीटर नाहीसे झाले. अशा जोडासाठी तीच भिंत ६४ मिलिमीटरची कापली पाहिजे. भिंत भिंतीच्या आत बसणार की बाहेरून येणार, हे आधी कागदावर ठरवून मगच सुरी उचलावी.

एवढी पथ्ये पाळून केलेली प्रतिकृती समोर ठेवली, आणि आपली खाट कोठे मावेल असे घरातल्या बाईने विचारले, तर तिच्यापुढे पट्टी ठेवून खरे उत्तर देता येते.