दोराची पारख : माझगावच्या धक्क्यावरून उसाच्या फडापर्यंत



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा याविषयी वाचता. ऊस विकास विभागाने दोरावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. कारण असे की, गेल्या गळीत हंगामात आमच्या गटात पाणंदीत रुतलेली उसाची ट्रॉली ओढताना टोचनाचा दोर तुटला. तुटलेले टोक मागे उसळले आणि बाजूला उभ्या असलेल्या एका तरुण मदतनिसाचा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. हात आता जुळला आहे, पण मुठीत जोर नाही. ऊसतोडीवर जगणाऱ्या माणसाला कोयता धरता येऊ नये याचा अर्थ आपणांस सांगायला नको.

दोर मनगटाएवढा नव्हे, पण चांगला अंगठ्याएवढा जाड, 24 मिलिमीटरचा होता. पांढरा, मऊ, दिसायला नवाच. "जहाजाचा आहे, हत्ती ओढला तरी तुटायचा नाही," असे सांगून कुणीतरी तो मुंबईहून आणून विकला होता. मग तुटला कसा? आम्ही तो दोर मागून घेतला आणि कोयत्याने चिरून पाहिला. बाहेरची वीण ठीक होती. आतला गाभा मात्र जागोजाग कडक झालेला, धागे एकमेकांस चिकटून वितळल्यासारखे, आणि एका ठिकाणी तर बोट दाबले की पोकळ लागत होते.

येथे दोराची जात समजून घेतली पाहिजे. आपल्याकडचा जुना दोर अंबाडीच्या किंवा घायपाताच्या वाखाचा. सुताला एका दिशेने पीळ, त्या सुतांच्या पेडाला उलट दिशेने पीळ, आणि असे तीन पेड एकत्र वळले की दोर तयार. दावे, कासरा, मोटेचा नाडा, सगळे याच रीतीचे. गावोगावच्या मातंग बांधवांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. बाजारात मिळणारा निळा-हिरवा प्लॅस्टिकचा दोरही बहुधा असाच तिपेडी असतो, फक्त वाखाऐवजी कारखान्यातला धागा. या दोराचा एक मोठा गुण म्हणजे त्याचे पोट उघडे असते. पीळ हाताने उलटा फिरवला की आतला धागा दिसतो, कुजलेला का चांगला ते कळते.

दुहेरी विणीचा दोर वेगळा. त्याला पीळ नसतो, वेणी असते. आत एक गोल वेणी, आणि तिच्यावर पायमोज्यासारखी विणलेली दुसरी वेणी. अमेरिकेत 1950 नंतरच्या दशकात हा प्रकार निघाला आणि बोटींवर लवकरच रुळला. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या अशा दोरात दोन्ही वेण्या साधारण निम्मे निम्मे ओझे घेतात. तो हाताला मऊ, कप्पीवर गोल बसणारा, आणि मुख्य म्हणजे ओझे लावले की गरगर फिरत नाही. पण पोट झाकलेले! बाहेरून नवरदेव आणि आतून आजारी, असा प्रकार होऊ शकतो. आमच्या गटात तोच झाला.

पुढे जूनमध्ये कार्यालयीन कामानिमित्त मुंबईस जाणे झाले, तेव्हा आम्ही तो चिरलेला तुकडा पिशवीत टाकून माझगावला नेला. दोराची परीक्षा जिथे रोज होते तिथेच विचारावे असे मनात होते. माझगावला एका अंगाला माझगाव डॉक, जिथे 1774 साली लहान सुकी गोदी बांधली गेली आणि 1960 पासून जो भारत सरकारच्या मालकीत आला. नौदलाच्या युद्धनौका तेथे बांधतात, आत अर्थातच आपल्याला प्रवेश नाही. जवळच भाऊचा धक्का. रेवस-मोऱ्याच्या लाँची तेथूनच सुटतात आणि 2020 पासून मोटारी पोटात घेऊन मांडव्याला जाणारी मोठी बोटही. त्याच धक्क्याला मासेमारीच्या ट्रॉलरांची दाटी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, त्यामुळे बोटी एकीला एक लागून बांधलेल्या होत्या. आपला कारखाना बंद तसा त्यांचा समुद्र बंद, एवढे साम्य पाहून आम्हांस बरे वाटले.

एका बोटीवर वयस्क तांडेल जाळे शिवत बसले होते. त्यांच्यापुढे तुकडा ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेलाच नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी चाचपत गेले आणि बरोबर त्या पोकळ जागी थांबले.

"हा कुठं लावला होता, साहेब?"

"ट्रॉली ओढायला."

"कुणाला लागलं का?"

आम्ही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जहाजानं टाकून दिलेला दोर आहे हा. जहाजवाला चांगला दोर टाकील कशाला?"

या एका प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. धक्क्याच्या पुढे दारूखान्याच्या बाजूला जुन्या जहाजांचा माल विकणारी दुकाने आहेत. तेथे चांगली वस्तूही स्वस्तात मिळते, नाही असे नाही. नांगर घ्या, साखळी घ्या, त्यांचा गंज डोळ्यांना दिसतो. दोराने किती भरत्या, किती ऊन, किती हिसके खाल्ले हे मात्र त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. आमचे मत स्पष्ट आहे : वापरलेला दुहेरी विणीचा दोर ओढण्या-उचलण्याच्या कामाला घेऊच नये. गंजीवरचे ताडपत्र बांधायला घ्या, खुशाल.

तांडेलांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरहून अधिक पडतो. म्हणजे धक्क्याला बांधलेली बोट दिवसातून दोनदा माडीएवढी वर चढते आणि दोनदा खाली उतरते. शिवाय लाटेचा हिसका. म्हणून बोट बांधायचा दोर थोडा लवचीक लागतो. तेच शिडाची किंवा मालाची ओढदोरी असेल तर ती ताणून लांबली तर काम बिघडते, तिथे न ताणणारा दोर लागतो. दोर किती मजबूत हे विचारण्याआधी, काम धक्क्याचे आहे की स्थिर ओढीचे, हे विचारावे लागते. आपण नेमके हेच विचारत नाही.

आता धाग्यांकडे येऊ. नायलॉन सर्वांत लवचीक. 10 मीटर नायलॉनच्या दोरावर त्याच्या ताकदीच्या पाव हिश्शाइतके ओझे टाकले तर तो अर्धा ते एक मीटर लांबतो. हिसका गिळायला उत्तम. मात्र पाण्यात भिजला की त्याची ताकद दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. पॉलिस्टर तेवढ्याच ओझ्याला वीत-दीड वीत ताणतो, भिजला तरी ताकद तशीच राहते आणि उन्हातही चांगला टिकतो. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपला नेहमीचा निळा-हिरवा दोर, हलका आणि पाण्यावर तरंगणारा, म्हणून कोळी बांधवांना सोयीचा. किमतीलाही स्वस्त. पण खास औषध मिसळलेले नसेल तर उन्हात तो लवकर ठिसूळ होतो, आणि 165 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून घासणीच्या जागी तो चालत नाही. अलीकडे डायनिमासारखे धागेही आले आहेत. तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेशी बरोबरी करतात आणि पाण्यावर तरंगतात! त्यांवर पॉलिस्टरची वीण असेल तर ती केवळ पांघरूण, ओझे जवळजवळ सगळे गाभ्यावर असते. किंमत पाहता आपल्या कामाला त्यांची गरज नाही.

नवा दोर घ्यायला मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. 1976 साली स्थापन झालेल्या आणि 2018 पासून गरवारे टेक्निकल फायबर्स या नावाने चालणाऱ्या कंपनीचा दोरांचा कारखाना आपल्या सातारा जिल्ह्यात वाईला आहे. दोर कुणाचाही घ्या, पण वेष्टनावर धाग्याचे नाव, जाडी आणि तुटण्याची ताकद छापलेली असावी आणि पावती घ्यावी.

ताकदीचा हिशोब एकदा नीट मांडू. 12 मिलिमीटरचा नवा नायलॉन दोर साधारण 3 टनांना तुटतो. जाडी दुप्पट, 24 मिलिमीटर केली, तर ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे सुमारे 12 टन. हे आकडे प्रयोगशाळेतल्या सरळ, नव्या, बिनगाठीच्या दोराचे आहेत. कामाला त्यातला पाचवा हिस्सासुद्धा जास्तच. जिथे हिसका आहे किंवा जवळ माणसे आहेत तिथे दहावा हिस्सा धरावा.

आता आमच्या गटातला दोर. नवा असताना 12 टन. गाभा मेलेला, म्हणून राहिले 6. ट्रॉलीच्या हुकाला निरगाठ मारलेली, आणि गाठीत दोर वाकतो तिथे ताकद जवळजवळ निम्मी जाते, म्हणून राहिले 3. ट्रॅक्टर स्थिर ओढीला फार तर दीड-दोन टन जोर लावतो. तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावले असते. पण ट्रॉली हलेना म्हणून चालकाने ट्रॅक्टर मागे घेतला, दोर सैल सोडला आणि वेगाने पुढे हिसका दिला. या हिसक्यात जोर सहज दुप्पट होतो. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. आपण सगळेच असे करतो, आणि दहातले नऊ वेळा ट्रॉली निघतेही.

आणि निघत नाही तेव्हा काय होते? ताणलेला नायलॉन म्हणजे ताणलेली गलोलच. जितका लवचीक तितकी आत शक्ती साठलेली. दोर तुटला किंवा हूक निखळला की ती सगळी शक्ती एका क्षणात टोकातून बाहेर पडते. बोटीवरचे खलाशी ताणलेल्या दोराच्या रेषेत कधी उभे राहत नाहीत, दोर जिथून वळतो तिथल्या बाजूलाही नाही. आपल्याकडे मात्र दोर "धरला आहे ना" हे पाहायला चार जण शेजारीच उभे! दोरावर ओले पोते टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिने उसळी थोडी कमी होते, पण तिच्या भरवशावर माणूस उभा करू नये. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकाखेरीज कुणी नको. टोचनाला पॉलिस्टर घ्यावा, दोर आधी हळूहळू ताणून घ्यावा, मग संथ ओढ द्यावी. तरीही ट्रॉली निघाली नाही तर मोळ्या उतरवून ओझे कमी करावे. तासभर जाईल, जाऊ द्यावा.

दुहेरी विणीच्या दोराचे खरे चीज आपल्याकडे विहिरीत आणि बोअरमध्ये आहे. पाणबुडी मोटार तिपेडी दोराने सोडली की ओझ्याने पीळ उलगडू लागतो, मोटार स्वतःभोवती फिरते आणि केबल दोराला वेटोळे घालते. पुढे मोटार काढताना केबल तुटते, हे अनेकांनी भोगले आहे. वेणीचा दोर फिरत नाही. मोटारीसाठी पॉलिस्टरचा, मोटार आणि पाण्याने भरलेला पाइप यांच्या एकूण वजनाच्या दहापट ताकदीचा घ्यावा. कप्पीचे चाक दोराच्या जाडीच्या निदान आठपट व्यासाचे असावे. लहान चाकावर आतली वेणी आणि बाहेरची वेणी सारखी वाकत नाहीत, आणि गाभा लवकर मरतो. विहिरीत माणूस सोडायला मात्र यातला कुठलाही दोर वापरू नये. ते काम निराळे, त्याचे पट्टे आणि दोर निराळे.

कारखान्यातील कामगार बंधूंसाठी एक सूचना. बाष्पीभवन पात्रे धुताना कॉस्टिक सोडा वापरतात. तीव्र कॉस्टिक पॉलिस्टरला खातो, नायलॉन तिथे टिकतो. उलट आम्ल नायलॉनला खाते. म्हणून ट्रॅक्टरच्या पेटीत बॅटरीशेजारी नायलॉनचा दोर ठेवू नये. बॅटरीच्या आम्लाचे चार थेंब पुरतात आणि डाग पटकन दिसतही नाही. दोन्हींशी संबंध येत असेल तिथे पॉलिप्रॉपिलीन बरा, फक्त वाफेच्या नळ्यांपासून लांब.

गाठीऐवजी टोकाला फासा जोडून घेतला तर नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद टिकते. पण दुहेरी विणीचा जोड तिपेडी दोरासारखा पेड गुंफून होत नाही. गाभा आणि वीण वेगळी करून, एकीचे टोक दुसरीच्या पोटात सरकवावे लागते. दोर घेतानाच दुकानदाराकडून कारखान्याचा फासा बसवून घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी. कापताना आधी पट्टी गुंडाळून मग गरम पात्याने कापावा, नाहीतर वीण मागे सरकते आणि गाभा बाहेर डोकावतो.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक दोर तांडेलांसारखा चाचपून पाहावा. कुठे कडक गोळा, कुठे चपटा, कुठे पोकळ, कुठे वीण काचेसारखी चकाकणारी लागली, तर तेवढा भाग कापून टाकावा. मधोमध असेल तर पूर्ण दोरच ओढीच्या कामातून काढावा.

तो चिरलेला दोर आम्ही परत आणला आहे. त्याचा एक तुकडा आणि नव्या दोराचा एक तुकडा शेती विभागाच्या कार्यालयात टेबलावर ठेवला आहे. नोंदीला किंवा बिलाच्या चौकशीला येणाऱ्या सभासदांनी आणि वाहनमालकांनी दोन्ही हातात घेऊन पाहावेत. आपला दोर सोबत आणल्यास आम्ही तोही तपासून देऊ.