कळ, कर्नेल आणि आपले अक्षर



संगणकावर मराठी निवडून ‘के’ ही कळ दाबली की पडद्यावर ‘क’ उमटतो. त्यामुळे ते अक्षर कळीतच दडलेले आहे, असा आपला समज होतो. वस्तुतः कळीला कोणतीच लिपी ठाऊक नसते.

कळ दाबताच कळफलक केवळ एक संकेतांक पाठवतो. तो प्रथम स्वीकारते ते कर्नेल, म्हणजे संगणक प्रणालीचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभलेल्या लिनक्सच्या कर्नेलमध्ये ‘के’ कळीचा क्रमांक ३७ आहे. कळफलक कोणत्याही कंपनीचा असो, क्रमांक तोच राहतो. त्याला अक्षराचे रूप देण्याचे कार्य कर्नेलच्या वरच्या थरातील कळनकाशा करतो.

लिनक्सचे कर्नेल आपण स्वतः बांधू शकतो. बांधताना प्रत्येक साधनाच्या चालकाबाबत, म्हणजे ड्रायव्हरबाबत, सामान्यतः तीन पर्याय असतात : तो गाभ्यात समाविष्ट करणे, गरजेनुसार जोडता येईल असा वेगळा घटक ठेवणे, किंवा वगळणे. यूएसबी कळफलकासाठी नुसता यूएसबीचा आधार पुरत नाही. ‘एचआयडी’ हा चालकही लागतो. तो वगळला गेला, तर प्रणाली सुरू होते, परंतु कळफलक मुका राहतो.

आता आपल्या देगलूरचा विचार करा. सीमेवरच्या या गावात मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडही कानी पडते. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकातील ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत या तिन्ही लिपींचा ‘क’ त्याच एका कळीवर आहे. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. क्रमांक ३७ सर्वांचा. नकाशा बदलला की लिपी बदलते. म्हणजे यंत्राच्या गाभ्यात इंग्रजीला जन्मजात अग्रमान नाही.

तरीही आपली मुले मोबाइलवर मराठी रोमन अक्षरांत लिहितात. तेथे ‘वेळ’ आणि ‘वेल’ एकच होतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘ल’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ळ’ मिळतो. अडचण यंत्राची नाही, सवयीची आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने एवढेच सांगतो : ज्यांनी स्वतःच्या लिपीत लिहून ठेवले नाही, त्यांच्याविषयी इतरांनीच लिहिले. संगणक कक्षात इनस्क्रिप्ट मांडणी निवडा आणि रोज दहा ओळी स्वतःच्या लिहा.