सर्रा: आधी रक्त तपासा, मग सुई टोचा

पाऊस ओसरू लागला की बुऱ्हाणपुरात तापीकाठच्या ओल्या चिखलातून गोमाशा उठतात. त्याच दिवसांत एखादी दुभती म्हैस चारा सोडते, डोळे गळू लागतात, अंग तापतं. ताप आपोआप उतरला की घरचे निश्चिंत होतात, आणि मग तो पुन्हा चढतो. आमच्या गोठ्यातल्या म्हशीला तापाची सुई दिली की ती उठून रवंथ करायची. अखेर एका पहाटे ती गोल चकरा मारत गव्हाणीवर डोकं आपटू लागली. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेतलं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारे जीव दिसले.

हा सर्रा रोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो शोधला. कुत्र्यांनाही तो सोडत नाही. त्यांचे डोळे पांढरट होतात.

ताप चढतो-उतरतो त्याचं कारण या परजीवीच्या जनुकांत आहे. परजीवीच्या अंगावर एकाच प्रथिनाचा दाट थर असतो. जनावराच्या शरीरानं तो ओळखून मारा सुरू केला की काही परजीवी दुसरं जनुक चालू करून सदरा बदलतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून सर्ऱ्यावर लस नाही. ताप नसताना रक्तात परजीवी इतके थोडे असतात की काच स्वच्छ दिसते. तेव्हा पीसीआर चाचणीच त्यांचा डीएनए पकडू शकते.

माणसाच्या रक्तातलं अपोलायपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन या परजीवीला फोडून टाकतं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र तो सापडला. त्यालाही महिनोन्महिने ताप येत-जात होता. पुढं कळलं, की ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यामुळे त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. सुरामिन या औषधानं तो बरा झाला. म्हशीला आणि कुत्र्याला या प्रथिनाचं संरक्षण जन्मतःच नाही.

ताप नसताना परजीवी काचेवर दिसत नाहीत, म्हणून ताप चढलेला असतानाच रक्त तपासणीला द्यावं, आणि तेही औषध टोचण्यापूर्वी. सर्ऱ्यावरच्या क्विनापायरामिन या औषधाची मात्रा वजनावर ठरते. वजनाच्या अंदाजासाठी छातीचा घेर फितीनं मोजून घ्यावा, कारण अपुऱ्या मात्रेतून औषधाला न जुमानणारे परजीवी उरतात. म्हशीचं औषध अंदाजानं कुत्र्याला देऊ नये, त्याच्या जिवावर बेततं. एकच सुई दुसऱ्या जनावराला टोचू नये. अर्धवट रक्त पिऊन उठलेली माशी लगेच शेजारच्या जनावरावर बसते, तेव्हा आजारी जनावर लांब बांधावं. विकत आणलेलं जनावर तपासल्याशिवाय कळपात सोडू नये. मेलेल्या जनावराचं ताजं मांस कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये.

मध्य प्रदेशात १९६२ वर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं. ते येईपर्यंत ताप कधी चढला, कधी उतरला आणि आधी कोणती सुई दिली, हे तारखेसह लिहून ठेवावं.