पाठ 14 : व्हिक्टोरिया पार्कचं हरवलेलं गोल्फ मैदान

वाचण्याआधी : तुमच्या घराजवळचं मैदान उद्या बंद झालं, तर कोणाला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटेल?

स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये राहता, म्हणजे शेजारच्या ब्रुकवॉटरचं गोल्फ मैदान तुम्ही पाहिलंच असेल, निदान गाडीतून तरी. ग्रेग नॉर्मनने आखलेलं ते मैदान आजही चालू आहे. पण ब्रिस्बेन शहरात असंच एक मैदान होतं, ते आता नाही. स्प्रिंगफील्ड सेंट्रलहून ट्रेन पकडा, रोमा स्ट्रीटला उतरा. तिथून उत्तरेला ते फार लांब नाही.

व्हिक्टोरिया पार्कमधलं हे मैदान 1931 साली सुरू झालं. ते शहराच्या महापालिकेचं होतं. मेंबर असायलाच हवं असं नाही. पैसे भरा आणि खेळा. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साहेब लोक येतात ना? इथे मात्र कोणीही येऊ शकत होतं.

पण थांबा, गोष्ट 1931 ला सुरू होत नाही. या जागेचं जुनं नाव बरम्बिन. तुरबल आणि यगारा लोक इथे पाण्याकाठी राहत, मोठ्या संख्येने जमत. इंग्रजांनी जागेला यॉर्क्स हॉलो म्हणायला सुरुवात केली. 1849 च्या जानेवारीत ‘फॉर्टिट्यूड’ नावाचं जहाज आलं. त्यातल्या लोकांना राहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी काही दिवस इथेच मुक्काम केला. (फॉर्टिट्यूड व्हॅली हे नाव त्या जहाजावरूनच पडलं.) त्याच वर्षी सैनिकांनी मूळ रहिवाशांच्या वस्तीवर गोळ्या झाडल्या. नव्याने आलेल्यांना आसरा आणि जुन्यांवर गोळ्या, एकाच वर्षी, एकाच जागी. आपणही बाहेरून आलेले आहोत, म्हणून हे वाक्य सावकाश वाचा.

1875 मध्ये जागा उद्यानासाठी राखून ठेवली गेली. मग रेल्वे आली, रस्ते आले, आणि प्रत्येकाने थोडी थोडी जमीन खाल्ली.

गोल्फ मात्र नव्वद वर्षं टिकलं. 2019 मध्ये महापालिकेने सांगितलं की, ही जागा सगळ्यांसाठी उद्यान होईल. 30 जून 2021 ला 18 होलचं मैदान बंद झालं. खेळणाऱ्यांना वाईट वाटलं, ते साहजिकच होतं. पण ज्यांनी कधी काठी हातात धरली नव्हती, ते आता फेअरवेवरून कुत्रा फिरवू लागले, मुलं उतारावरून लोळू लागली. चौसष्ट हेक्टर हिरवळ, तीही शहराच्या मधोमध! मला विचाराल तर हा सौदा वाईट नव्हता. उद्यानाच्या नावात बरम्बिन हे जुनं नावही परत आलं.

पुढचं वळण मात्र अनेकांना अनपेक्षित होतं. 2024 च्या निवडणुकीआधी ‘नवीन स्टेडियम बांधणार नाही’ असं म्हणणाऱ्या पक्षाचं सरकार आलं. त्याच सरकारने मार्च 2025 मध्ये जाहीर केलं की, 2032 च्या ऑलिंपिकसाठी इथेच 63,000 आसनांचं स्टेडियम होणार. काहींना आनंद झाला, कारण शहराला मोठं स्टेडियम हवंच होतं. काहींनी विचारलं, मग गोल्फ बंद केलं ते कशासाठी? मूळ रहिवाशांपैकीही अनेकांनी विरोध केला; त्यांच्यासाठी तर ही जागा आधीच एकदा गेली होती.

1931 चं जुनं क्लबहाऊस वारसा यादीत आहे. पुढच्या वेळी शहरात गेलात तर हर्स्टन रोडवर नक्की बघा.

शब्दार्थ
आसरा – राहायला सुरक्षित जागा
राखून ठेवणे – एका कामासाठी बाजूला ठेवणे
सौदा – देवाणघेवाण
वारसा – आधीच्या पिढ्यांकडून मिळालेलं

प्रश्न
1. ‘प्रत्येकाने थोडी थोडी जमीन खाल्ली’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
2. लेखकाला कोणता बदल पटला? कोणत्या वाक्यावरून कळलं?
3. घरातल्या मोठ्यांना विचारा : तुमच्या गावातलं कोणतं मैदान आता नाही? तिथे आज काय आहे? पाच वाक्यं लिहा.